श्याम बेनेगल बघायचे तर कुठून, कोणत्या प्रतीवर आणि काय वगळून

निकाल आधीच सांगून टाकतो. आधी 'मंथन'ची नवी ४के प्रत, मग 'भूमिका', मग 'भारत एक खोज'चे निवडक पंधरा-वीस भाग. शेख मुजीबुर रहमान यांच्यावरचा 'मुजीब' राहिला तरी काही बिघडत नाही. एवढ्यावर ज्यांचं भागतं त्यांनी इथे थांबलं तरी चालेल. पुढचं लिखाण ज्यांना सगळे बेनेगल बघायचे आहेत आणि कुठल्या क्रमाने बघावेत हा प्रश्न पडलाय त्यांच्यासाठी.

बेनेगलांची कारकीर्द समजून घ्यायची सोपी वाट श्रेयनामावलीतून जाते. पटकथा कुणाची, संगीत कुणाचं हे सगळेच बघतात. निर्माता कोण, म्हणजे पैसा कुणाचा, हे बघा. या माणसाला रूढ अर्थाचा फायनान्सर क्वचितच मिळाला. १९५९ मध्ये ते मुंबईत लिंटास या जाहिरात संस्थेत कॉपीरायटर म्हणून लागले आणि जाहिरातपट, माहितीपट मिळून ९०० च्या वर लहान फिल्म करून बसले. गिऱ्हाईक कसं सांभाळायचं आणि तरी आपल्याला हवं ते त्यात कसं घुसवायचं, हे तिथे शिकलेलं कसब पुढे पन्नास वर्षं कामाला आलं. 'अंकुर'ची (१९७४) संहिता कित्येक वर्षं पडून होती. शेवटी पैसे घातले ते ब्लेझने, म्हणजे थिएटरांत जाहिरातपट दाखवणाऱ्या कंपनीने. 'निशांत', 'भूमिका' आणि 'मंडी'ही ब्लेझच्याच. मग शशी कपूर ('जुनून', 'कलयुग'), गुजरातचे दूध उत्पादक, पश्चिम बंगाल सरकार ('आरोहण'), हातमाग सहकारी संस्था ('सुस्मन'), रेल्वे, दूरदर्शन, एनएफडीसी (राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळ), आरोग्य मंत्रालय ('हरी-भरी'), राज्यसभा टीव्ही. इतके वेगवेगळे यजमान दुसऱ्या कुठल्या भारतीय दिग्दर्शकाच्या वाट्याला आले असतील असं वाटत नाही.

यातून निवडीचा एक नियम निघतो, आणि तो बराचसा खरा ठरतो. यजमानाकडे भांडण होतं तिथे बेनेगल उत्तम. यजमानाकडे फक्त संदेश होता तिथे सिनेमा अर्ध्यावर पाठ्यपुस्तक होतो.

'मंथन' (१९७६) हा पहिल्या प्रकारातला नमुना. ५ लाख शेतकऱ्यांनी प्रत्येकी २ रुपये दिले, १० लाख जमले, चित्रपट झाला. ही हकिगत सगळ्यांना पाठ आहे. ज्या सहकारी संस्थेच्या पैशातून चित्रपट बनला, तिची आरती त्यात नाही, हे मात्र फारसं कुणी बोलत नाही. विजय तेंडुलकरांची पटकथा पहिल्या दृश्यापासून खवचट आहे. गुरांचे डॉक्टर राव (गिरीश कार्नाड) स्टेशनावर उतरतात तर स्वागताला कुणी नाही, कारण गाडी आज वेळेवर आलीय. पुढे दुधातलं फॅट मोजून भाव देण्याची साधी तांत्रिक गोष्ट गावात शिरते आणि थेट जातीच्या उतरंडीला धडकते. सोसायटीच्या निवडणुकीत दलितांचा मोती सरपंचाला हरवतो, सरपंच चिडून डेअरीवाल्या मिश्राच्या बाजूला जातो. शहरी डॉक्टर काम अर्धवट टाकून परततो आणि सोसायटी चालवायची राहते भोलावर (नसीरुद्दीन शाह). सहकाराचा प्रचार करायला निघालेला कुठलाही सरकारी खात्याचा माहितीपट असा शेवट करणार नाही. या दूध उत्पादकांचं 'अमूल' उभं करणारे वर्गीस कुरियन कथेत सहभागी होते आणि तरी हे चाललं, याचं श्रेय त्यांनाही द्यायला हवं. नंतर याच चित्रपटाच्या १६ मिमी प्रती गावोगाव दाखवून दूध सोसायट्या उभ्या केल्या गेल्या. प्रचारपट न वाटणारी फिल्म प्रचाराला जास्त उपयोगी पडली.

आता प्रतीबद्दल. यूट्यूबवर आणि जुन्या डीव्हीडीवर फिरणारा 'मंथन' फिकट, कडा कापलेला आणि खरखरीत आहे. तो बघून मत बनवू नका. फिल्म हेरिटेज फाउंडेशनने केलेलं ४के रिस्टोरेशन मे २०२४ मध्ये कान महोत्सवाच्या क्लासिक्स विभागात दाखवलं गेलं आणि १ व २ जून २०२४ ला देशातल्या ५० शहरांत, १०० चित्रपटगृहांत लागलं. खर्च पुन्हा अमूलच्या महासंघाचाच. राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयातली मूळ कॅमेरा निगेटिव्ह स्कॅन केली गेली. काम चेन्नईचं प्रसाद आणि इटलीतल्या बोलोन्याची लिमाजिने रित्रोवाता यांच्याकडे होतं, आणि देखरेखीला खुद्द बेनेगल व छायाचित्रकार गोविंद निहलानी.

निहलानी तिथे असणं ही शोभेची बाब नाही. रंगीत फिल्मवर तीन रंगांचे थर असतात आणि ते एकाच वेगाने उडत नाहीत. एक थर जास्त फिका पडला की सगळं चित्र एका रंगाकडे झुकतं. जुन्या प्रती गुलाबी-लालसर दिसतात त्या म्हणून. संगणकावर हा झुकाव सरळ करता येतो, पण किती सरळ करायचा हे संगणकाला ठाऊक नसतं. सौराष्ट्रातली धूळ करड्या रंगाची होती की तांबूस, संध्याकाळच्या दृश्यात मुद्दाम पिवळं ठेवलं होतं की फिल्म बिघडलीय, हे ज्याने प्रकाश मोजला तोच सांगू शकतो. चित्रपट १३४ मिनिटांचा, सेकंदाला २४ चौकटी, म्हणजे सुमारे १ लाख ९३ हजार चौकटी. ओरखडे, बुरशीचे डाग, लुकलुक हे सगळं त्यातून काढायचं आणि फिल्मचा मूळ दाणा (ग्रेन) मात्र शिल्लक ठेवायचा. इथे हात सैल सोडला की चेहरे मेणाचे होतात. हिंदीतल्या अनेक जुन्या चित्रपटांच्या तथाकथित 'एचडी' आवृत्त्यांत हाच गुन्हा झालेला आहे. 'मंथन'मध्ये तो झालेला नाही. स्मिता पाटीलच्या कपाळावरचा घाम आणि मागच्या कुडाच्या भिंतीचा पोत दोन्ही वेगवेगळे दिसतात.

आवाजाची बाजू त्यामानाने कमजोर आहे, आणि त्याचं कारण आहे. ध्वनी प्रदर्शनाच्या ३५ मिमी प्रतीवरून घेतलेला आहे. प्रत प्रोजेक्टरमधून जितक्या वेळा फिरते तितकी कडेची ध्वनिपट्टी झिजते, म्हणून बारीक खरखर आणि वरच्या पट्टीतला थोडा दबलेपणा राहणारच. हा मोनो ध्वनी आहे. घरी बघताना टीव्हीचा किंवा साउंडबारचा 'सराउंड' आणि 'सिनेमा' मोड बंद करा, साध्या मोडवर ठेवा. खोटा सराउंड अशा ध्वनिपट्टीला विहिरीत नेऊन बोलल्यासारखं करतो आणि प्रीती सागरच्या 'मेरो गाम काठा पारे'चा तर चुराडाच होतो. टीव्हीतली 'मोशन स्मूदिंग' नावाची सोयही बंद ठेवा. तिच्यामुळे निहलानींचा हातात धरलेला कॅमेरा लग्नाच्या व्हिडिओसारखा दिसतो.

'भूमिका' (१९७७) बघताना वेगळी सूचना. हंसा वाडकरांच्या 'सांगत्ये ऐका' या आत्मकथनावर आधारलेला हा चित्रपट कधी रंगीत, कधी कृष्णधवल होत राहतो. प्रत बिघडलेली नाही, तुमचा टीव्हीही नाही. गतकाळ कृष्णधवल आणि चालू काळ रंगीत, अशी ती रचना आहे. मराठी प्रेक्षकाला यातल्या जुन्या स्टुडिओंच्या दृश्यांत जास्त मजा येईल, कारण पौराणिक पटापासून स्टंटपटापर्यंत चित्रपटांच्या शैली कशा बदलल्या, ते बेनेगल प्रत्येक वेळी त्या त्या काळच्या प्रकाशयोजनेची नक्कल करून दाखवतात. अमोल पालेकरांचा केशव दळवी हा त्यांनी केलेला सर्वांत अप्रिय माणूस, आणि म्हणूनच पालेकरांचं सर्वांत चांगलं काम. (वाद घालायला हरकत नाही.) पुस्तक आधी वाचलं तर चित्रपट थोडा सभ्य वाटेल. हंसाबाईंच्या बोलण्यातला रोखठोकपणा हिंदीत उतरताना जरा घासला गेलाय.

'अंकुर', 'मंडी' आणि खूप नंतरचा 'वेल डन अब्बा' यांत दखनी बोली आहे. उत्तरेकडच्या प्रेक्षकाला सबटायटल लागतात, मराठवाड्यातल्या माणसाला बहुधा लागणार नाहीत. बेनेगल मूळचे सिकंदराबादजवळच्या तिरुमलगिरीचे. घरात कोकणी, बाहेर दखनी, त्यामुळे ही बोली त्यांच्याकडे विनोदापुरती येत नाही. 'निशांत' बघताना जमीनदाराच्या वाड्यातली दृश्यं एका बसणीत बघावीत. तुकड्यातुकड्यांत बघितलं तर हिंसेची चढती कमान हाती लागत नाही.

'त्रिकाल' (१९८५) कुठे मिळेल त्या प्रतीवर बघू नका, हे मात्र ठासून सांगावंसं वाटतं. १९६१ चा गोवा, मुक्तीच्या तोंडावरचं एक ख्रिस्ती घराणं, लोटलीतलं मारिओ मिरांडांचं घर. छायाचित्रकार अशोक मेहतांनी रात्रीची दृश्यं मेणबत्त्या-दिव्यांच्या भरवशावर टिपली आहेत. हलक्या दर्जाच्या अपलोडमध्ये अंधाराचे चौकोनी ठोकळे होतात आणि निम्मा चित्रपट दिसतच नाही. फोनवर, दिवसा, उजेडात बघायला घेतलात तर दहाव्या मिनिटाला सोडून द्याल आणि दोष दिग्दर्शकाला द्याल.

आता दूरचित्रवाणी. इथे बहुतेक लेख बेनेगलांची मालिका ही सिनेमातून घेतलेली सुट्टी असल्यासारखं बोलतात. ते चूक आहे. टीव्हीचा अभ्यास त्यांनी 'अंकुर'च्या आधीच केला होता. होमी भाभा फेलोशिपवर ते अमेरिकेत गेले तेव्हा बोस्टनच्या डब्ल्यूजीबीएच वाहिनीत आणि न्यूयॉर्कच्या चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉपमध्ये काम पाहून आले. १९७५ च्या उपग्रह दूरचित्रवाणी प्रयोगासाठी, ज्याला साइट म्हणत, त्यांनी मुलांसाठीचे कार्यक्रम केले. त्यामुळे १९८६ ला 'यात्रा' हाती आली तेव्हा ते नवखे नव्हते. रेल्वेच्या पैशातल्या या १५ भागांत ओम पुरींचा फौजी कन्याकुमारीहून हिमसागर एक्स्प्रेसने जम्मूकडे निघतो. रेल्वेची जाहिरात करायची होती ती झालीच, पण डबा हा नाटकाचा रंगमंच म्हणून वापरला गेला. माणसं चढतात, आपलं प्रकरण मांडतात, उतरतात. सगळे भाग सारखे नाहीत. लष्करी शिस्तीतून घराकडे बघणाऱ्या ओम पुरींवर कॅमेरा थांबतो ते भाग चांगले, प्रवाशांच्या तोंडून राष्ट्रीय एकात्मता बोलवून घेतली जाते ते कंटाळवाणे.

'भारत एक खोज' (१९८८) हे या कारकिर्दीतलं सर्वांत मोठं आणि सर्वांत चुकीच्या पद्धतीने बघितलं जाणारं काम. ५३ भाग, प्रत्येकी पाऊण तासाच्या पुढे. सलग बघायचं म्हटलं तर चाळीस तासांच्या वर. प्रसार भारतीच्या संग्रहाच्या यूट्यूब वाहिनीवर ते मोफत आहेत. लोक पहिल्या भागापासून उत्साहाने सुरू करतात आणि सिंधू संस्कृती ओलांडताना गळतात. तसं करू नका.

आधी रचना लक्षात घ्या. पंडित नेहरूंनी अहमदनगरच्या किल्ल्यात १९४४ साली कैदेत लिहिलेलं पुस्तक हा आधार. नेहरूंच्या भूमिकेत रोशन सेठ कॅमेऱ्याकडे बघून बोलतात, ओम पुरींचा आवाज निवेदन करतो, आणि मधे नाट्यप्रसंग येतात. हे तीन पदर एकमेकांना मान डोलावत नाहीत. नेहरू एक म्हणतात, निवेदक त्यात नंतरच्या संशोधनाची भर घालतो, प्रसंग तिसरंच काही दाखवतो. दुसरी खुबी अशी की जिथे इतिहासाचा भरवशाचा पुरावा नाही तिथे बेनेगल 'असं घडलं' म्हणत नाहीत, त्या काळचं वाङ्मय उभं करतात. पृथ्वीराजाची गोष्ट रासोतून येते, पद्मिनीची जायसीच्या काव्यातून, तमिळ संगम काळ शिलप्पदिकारममधून. म्हणजे हे काव्य आहे, बखर आहे, हे प्रेक्षकाला कळत राहतं. आजच्या ऐतिहासिक मालिकांना हा साधा प्रामाणिकपणा झेपत नाही.

महाभारत इथे दोन भागांत उरकतं. त्याच सुमारास दूरदर्शनवर बी. आर. चोप्रांचं 'महाभारत' ९४ भागांचं बस्तान मांडून बसलं होतं, हे लक्षात घेतलं तर बेनेगलांनी काय सोडलं ते नीट दिसतं. त्यांना कथानक सांगायचंच नव्हतं. तीजनबाईंची पंडवानी, म्हणजे महाभारत गाऊन सांगण्याची छत्तीसगडी लोककला, आणून त्यांनी ही कथा लोक कसे सांगतात तेवढं दाखवलं. पंडवानीचा तो तुकडा ज्याला लांबट वाटेल त्याने ही मालिका बाजूला ठेवलेली बरी.

सुरुवात कुठून? पहिला भाग बघाच, पद्धत कळण्यासाठी. मग थेट चाणक्य-चंद्रगुप्त आणि अशोकाचे भाग. मग चोळांचे तीन. हे बहुतेक जण वगळतात, आणि आपल्याला शाळेत जवळजवळ न शिकवलेला दक्षिणेचा इतिहास तिथेच आहे. मग अकबर (कुलभूषण खरबंदा), औरंगजेब आणि शिवाजी महाराज. ओम पुरींचा औरंगजेब आणि नसीरुद्दीन शाहांचे महाराज हे भाग मराठी प्रेक्षकाने डोक्यातले सगळे चित्रपट बाजूला ठेवून बघावेत. महाराज मोठ्याने बोलत नाहीत, घोषणा नाहीत, दरबार छोटा आहे. काहींना हे कमी वाटेल. राज्यकारभार चालवणारा, हिशेब करणारा माणूस मात्र इथे इतरांपेक्षा जास्त दिसतो. सदाशिव अमरापूरकरांनी जोतीराव फुले केलेला भागही चुकवू नका. त्यांना फक्त खलनायक म्हणून ओळखणाऱ्यांना धक्का बसेल.

खोट कुठे आहे तेही सांगायला हवं. लढाया दरिद्री आहेत. वीस-पंचवीस माणसं, धूळ, आणि कॅमेरा जवळ ठेवून केलेली चलाखी. त्याच त्या नटांचा ताफा दाढ्या बदलून येतो. कधी अशोक म्हणून भेटलेला चेहरा काही भागांनी सुलतान होऊन बसतो, त्यामुळे सलग बघताना गोंधळ उडतो. भाग सुटे सुटे बघण्याचा सल्ला त्याचसाठी. पुस्तक १९४० च्या दशकातलं, मालिका १९८० च्या, त्यामुळे पुरातत्त्वाबद्दलची काही विधानं आज जुनी झाली आहेत. परीक्षेच्या तयारीसाठी हे वापरणाऱ्यांनी हडप्पा आणि वैदिक काळाचे भाग ताज्या पुस्तकाशी ताडून घ्यावेत.

तांत्रिक बाब: चित्र ४:३ आहे. टीव्हीवर 'फुल' केलं तर रोशन सेठ बसके दिसतात आणि 'झूम' केलं तर डोकी कापली जातात. 'ओरिजिनल' किंवा '४:३' ठेवा, बाजूच्या काळ्या पट्ट्या सोसा. ५५ इंची पडद्यावर चित्र फुटतं, लॅपटॉपवर उलट बरं दिसतं. शीर्षकगीत मात्र चांगल्या हेडफोनवर ऐका. नासदीय सूक्ताचा वसंत देवांनी केलेला हिंदी अनुवाद आणि वनराज भाटियांची चाल. आधी संस्कृत, मग 'सृष्टि से पहले सत् नहीं था'. टीव्हीच्या चिमुकल्या स्पीकरवर त्यातले खालचे स्वर हरवतात.

संदेशवाल्या यजमानांचे चित्रपट थोडक्यात. 'सुस्मन' विणकरांच्या अर्थकारणाबद्दल अचूक आहे, पण पात्रं आकडेवारी बोलतात. ओम पुरी मागावर बसलेले असतात तोवर चित्रपट श्वास घेतो. 'हरी-भरी' आरोग्य केंद्रात दाखवायला उत्तम, संध्याकाळी बघायला नाही. 'आरोहण' या दोघांपेक्षा सरस, कारण कुळ आणि जमीनमालकाचं कोर्टातलं भांडण वर्षानुवर्षं रेंगाळतं ते त्यात प्रत्यक्ष भोगायला लागतं. ओम पुरींना राष्ट्रीय पुरस्कार याच कामाचा.

नव्वदच्या दशकात एनएफडीसीच्या माफक पैशात बेनेगल पुन्हा तरतरीत झाले. 'सूरज का सातवां घोडा' (१९९२) दोनदा बघावा लागतो. तोच प्रसंग वेगळ्या पात्राच्या बाजूने परत येतो आणि पहिल्या वेळी कोपऱ्यात उभा असलेला माणूस दुसऱ्या वेळी मधोमध असतो. धर्मवीर भारतींची कादंबरी लहान आहे, आधी वाचली तर रहस्य जात नाही. 'मम्मो', 'सरदारी बेगम', 'झुबैदा' ही तिन्ही खालिद मोहम्मद यांच्या लेखणीतली. त्यात फरीदा जलालच्या 'मम्मो'ला तोड नाही. 'झुबैदा'त रहमानची गाणी जास्त लक्षात राहतात.

'वेलकम टू सज्जनपूर' (२००८) घरच्यांबरोबर बघायला निर्धोक. श्रेयस तळपदेचा पत्रलेखक लोकांची पत्रं लिहिता लिहिता त्यांच्या आयुष्यात लुडबुड करतो, आणि बेनेगल हसवूही शकतात हे ज्यांना ठाऊक नाही त्यांनी 'मंडी'च्या आधी हा घ्यावा.

'संविधान' (२०१४) दहा भागांचं, राज्यसभा टीव्हीसाठी केलेलं. घटना समितीच्या चर्चांच्या छापील नोंदींतून संवाद उचललेले आहेत, त्यामुळे लोक एकाच सभागृहात बसून बोलतात. सूत्रधार म्हणून स्वरा भास्कर मधे येते तेव्हा लय तुटते, पण संदर्भासाठी ती जागा लागतेच. सचिन खेडेकरांचे बाबासाहेब आवाज चढवत नाहीत. कागद हातात धरून एकेक दुरुस्ती फेटाळतात किंवा मान्य करतात, आणि थकवा चेहऱ्यावर साचत जातो. रोज एक भाग, शक्य तर त्या विषयाचं घटनेतलं कलम समोर उघडून. मालमत्तेचा हक्क आणि भाषेचा प्रश्न या चर्चा एका झटक्यात समजत नाहीत, मागे नेऊन परत ऐकाव्या लागतात. सबटायटल इंग्रजीत असले तरी सुरू ठेवा, कारण सभासद एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात आणि नावं निसटतात.